सिगारची चव : आधी ओल, मग ओढ, मग बाकीचं

धानपट्टी

सिगारची परीक्षणं वाचायला घेतली की पहिल्या दोन ओळींतच देवदार, चामडं, कोको, मिरी, मलई असं सगळं एका दमात येतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपलीच जीभ मेलेली. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या हवेत सिगार जोखताना निम्मा निकाल जिभेपर्यंत पोचायच्या आतच लागलेला असतो, आणि तो ओल नि ओढ (झुरका किती मोकळा येतो ते) यांवर लागतो. मे महिन्यात गोंदिया-चंद्रपूरकडे उघड्यावर पडलेली सिगार पेटवून 'लय तिखट आहे बाप्पा' म्हणणारा माणूस आपल्याला उन्हाळ्याची चव सांगत असतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. मेव्हणा जहाजावर आहे. त्याने पॅड्रॉनच्या '१९६४ ॲनिव्हर्सरी' मालिकेतल्या काही मदुरो, म्हणजे काळपट पानाच्या, सिगारी आणल्या. कंपनी १९६४ साली मायामीत सुरू झाली, ही मालिका मात्र १९९४ ची. तंबाखू सगळा निकाराग्वाचा. अशी एकाच देशाच्या पानांची सिगार असली की तिला 'पुरो' म्हणतात. आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. धान, तलाव आणि तेंदूपत्ता. इथल्या जुन्या पिढीतल्या बऱ्याच बायांनी बिड्या वळलेल्या आहेत, माझ्या आत्यानेही. तिने आयुष्यात कधी झुरका मारला नाही, पण परीक्षक म्हणून तिला आधी बसवली.

सिगारचे थर तीन. आत भरणीची पानं, त्यांना आवळून धरणारं बांधणीचं पान, आणि वरून देखणं रॅपर. प्रीमियम म्हणायची ती हाताने वळलेली, आणि आतली पानं अख्ख्या लांबीची, चुरा नाही. भरणीत झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात. शेंड्याकडचं लिहेरो जाड, ऊन खाल्लेलं, निकोटिन जास्त, जळायला हट्टी. मधलं सेको वासाचं. बुडाकडचं वोलादो सौम्य, पण सिगार पेटती राहते ती त्याच्यामुळे. लिहेरो हळू जळतं म्हणून कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो. ते कडेला सरकलं की सिगार एका बाजूनेच जळत सुटते आणि आपण म्हणतो 'माल खराब'.

पानं छपराखाली हवेवर वाळवतात, मग पिलोन नावाच्या गंजीत रचतात. ती गंज शेणखताच्या ढिगासारखी आतून तापते, अमोनिया निघून जातो, बोचरेपणा उतरतो. फार तापली की मोडून आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत. मदुरो रॅपरचा या गंजीतला मुक्काम लांब आणि उष्ण असतो, त्यामुळे रंग काळपट आणि चवीला गोडसर झाक. काळी म्हणजे कडक, ही समजूत इथे सोडून द्यायची. कडकपणा निकोटिनचा, आणि तो मुख्यतः भरणीत असतो. पेटवण्याआधी किंवा ओढताना अमोनियाचा भपका आला तर पान नीट मुरलेलं नाही, बाकी मार्क द्यायच्या भानगडीत पडू नका.

आता आत्या. तिने सिगार हातात घेतली आणि अंगठा-तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत चिमटत गेली. मी तिला दोन दिल्या होत्या. एक डब्यात ओल सांभाळून ठेवलेली, दुसरी मुद्दाम उन्हाळाभर कपाटात उघडी टाकलेली. दुसरीवर पहिल्याच चिमटीत रॅपर तडकलं. पहिली तिने नाकाजवळ नेली, परत चिमटली, मग म्हणाली, "इतं जरा पोकल हाय. इतून भकाभका जलन." मी पेनने खूण केली. आग तिथवर आली तेव्हा खरंच तेवढ्या भागात ती भराभर जळली आणि धूर गरम लागला. सट्टेदार, म्हणजे बिडीचा ठेकेदार, माल तपासताना एकेक बिडी छाटात काढायचा आणि त्याचे पैसे कापले जायचे. तो हिशोब ज्या बोटांनी वर्षानुवर्षं सोसला त्यांना हे कळणारच. चिमटताना मऊ जागा लागली तर पोकळी, दगडासारखी गाठ लागली तर तिथे ओढ अडणार. हातातली सिगार सगळीकडे सारखी, किंचित दबून परत वर येणारी हवी.

टोपी, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेलं पान, कापताना फार खोल जायचं नाही. टोपीची रेघ दिसते, तिच्या अलीकडे साधारण २ मिलिमीटर पुरे. जास्त कापलं की रॅपर उलगडत जातं. कटर नव्हता, तेंदूचं पान कापायची आत्याची कात्री होती, धार लावलेली. छान चालली.

पेटवण्याआधी कोरा झुरका घ्या, हे फार लोक टाळतात. पेटवायची नाही, नुसती हवा ओढायची. ओढ मोकळी आहे की गच्च ते इथेच कळतं आणि वासही सगळ्यात स्वच्छ इथेच मिळतो. आम्हाला सुक्या मोहफुलांचा वास आला. तिघांनी न बोलता कागदावर लिहिलं, तिघांचंही मोह निघालं. डब्यातल्या सिगारला. उघड्या सिगारला नुसता गवताचा वास होता.

पेटवताना ज्योत टेकवायची नाही, खालून शेक द्यायचा आणि फिरवत राहायचं. पेट्रोलचा लायटर नको, वास बसतो. काडी असेल तर गुल पूर्ण जळून जाऊ द्या, मग जवळ न्या. एका काकांनी चुलीतला निखारा पुढे केला होता, तो सन्मानाने परत केला.

धूर छातीत न्यायचा नाही. तोंडात फिरवायचा, बराचसा सोडायचा, आणि उरलेला थोडा नाकावाटे बाहेर काढायचा. मिरीचा खरा झणका नाकातच कळतो. बिडी ओढणाऱ्याला हे सगळ्यात जड जातं. चाळीस वर्षं बिडी ओढलेले आमचे एक काका सवयीने आत खेचून बसले आणि पहिला तृतीयांश व्हायच्या आत ओट्यावर आडवे. गुळाचा खडा दिला, थोड्या वेळाने उठले. रिकाम्या पोटी तर अजिबात नको.

चवीचं सांगतो. सुरुवातीला काळी मिरी आणि ताज्या लाकडाच्या भुशाचा वास. परीक्षणवाले देवदार म्हणतात, आमच्या नाकाला सागाची आरागिरणी आठवली. मग मधल्या भागात मिरी मागे सरली आणि भाजलेल्या जवसाचा खमंगपणा, मागून कोकोची कोरडी कडवट चव, आणि ओठांवर गोडी. हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि इथे घाई केली की सगळं जातं. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. शेवटच्या भागात कोऱ्या कॉफीचा कडूपणा वाढत गेला, नव्या वहाणेचा वास आला. बोटाला चटका लागेपर्यंत ओढण्यात काही मर्दुमकी नाही. धूर गरम आणि आंबट झाला की ठेवून द्यायची, आपोआप विझते. तिला बिडीसारखी चिरडू नका, घाण वास सुटतो.

उघड्यावर ठेवलेली दुसरी सिगार? तीच पेटी, तेच पान. पण ती भसाभसा जळली, जीभ भाजली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच तिखट-कडू सूर. गोडी नाही, जवस नाही. कोणी डोळे झाकून दिली असती तर मी तिला स्वस्त सिगार म्हटलं असतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः आपल्या भागात कोण कसं साठवतं ते.

वऱ्हाडी_मिरची

भाऊ, एका सिगारच्या पैशात आमच्या इकडं तुरीच्या बियाण्याची थैली येते. अन् तुमी लोकं त्याचा धूर करून रायले, वरून मार्कही देऊन रायले! पण वाचलं पूरं. आत्याबाईचा भाग लय आवडला. मले एकच सांगा, धूर आत न्यायचा नसन तर मंग पैसे कायले द्या लागते?

बंदरकाठ

वऱ्हाडी_मिरची, सुगंधाचे पैसे आहेत भाऊ. आणि निकोटिन तसंही लागतंच, तोंडातून. सिगारेटचा तंबाखू भट्टीच्या उष्णतेत वाळवतात, त्यात साखर राहते आणि धूर आम्लधर्मी होतो. सिगारचा हवेवर वाळवलेला, मुरवलेला. त्याचा धूर अल्कधर्मी, त्यामुळे गालाच्या आतल्या कातडीतूनच निकोटिन रक्तात जातं. काका आडवे झाले त्याचं कारण, दोन्ही वाटांनी एकदम गेलं.

धानपट्टी, लेख चांगला जमलाय, पण एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी होती. कडकपणा वेगळा आणि अंग वेगळं. कडकपणा म्हणजे डोक्याला किती लागते. अंग म्हणजे धूर तोंडात किती भरीव वाटतो. कनेक्टिकट शेड रॅपरच्या फिकट सिगारी बऱ्याचदा अंगाने हलक्या, दुधाळ, पण आत लिहेरो जास्त असलं तर गुपचूप चक्कर आणतात. मार्क देताना हे दोन्ही एकाच रकान्यात टाकले की गोंधळ होतो.

जाडीबद्दलही. रिंग गेज ५० लिहिलं असेल तर व्यास ५०/६४ इंच, म्हणजे २० मिलिमीटरच्या जरा आत. रोबुस्तो ५ इंच लांब आणि ५० जाड, कोरोना साधारण साडेपाच इंच आणि ४२. बारीक सिगारमध्ये भरणीच्या मानाने रॅपर जास्त, त्यामुळे रॅपरची चव पुढे येते. एकाच ब्रँडची जाड आणि बारीक शेजारी ठेवून ओढा, दोन वेगळ्या वस्तू वाटतील.

धानपट्टी

मान्य, दोन रकाने करतो. आमच्याकडच्या चौकोनी दाबलेल्या आहेत, साडेपाच इंच आणि ५०. बारीक सिगार या मालिकेत मिळाली तर तुलना करीन.

कपाशी

मी यवतमाळ जिल्ह्यात, गावात. प्रश्न सरळ आहे, ठेवायच्या कशा? आमच्याकडे मार्च ते जून कूलर रात्रंदिवस चालू. भावाने सल्ला दिला की कूलरच्या खोलीतच ठेव, ओल आपोआप मिळते. ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी लाकडी पेटी, विकत घ्यायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही.

बंदरकाठ

कूलरच्या खोलीत अजिबात नको. कूलर चालू असेपर्यंत हवा दमट, लाइट गेली की तासाभरात कोरडीठाक. रॅपर फुगतं, आकसतं, फुगतं, आकसतं आणि शेवटी उभं चिरतं.

ह्युमिडॉर लागतही नाही. घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लास्टिकचा डबा घ्या, रबरी कडेचा. त्यात दुतर्फी आर्द्रतेची पुडी टाका, ६५ किंवा ६९ टक्क्यांची. दुतर्फी म्हणजे कोरडं असलं तर ओल देते, जास्त झाली तर शोषते. आपल्याला दोन्ही लागतं, कारण उन्हाळ्यात घरात ओल नावाला नसते आणि श्रावणात भिंती घाम गाळतात. उष्णता जास्त असेल तर मी ६५ चीच वापरीन. सिगारच्या पेटीतल्या देवदाराच्या पातळ फळ्या फेकू नका, त्या डब्यात घाला.

आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. मापक आणि ते झाकण एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुमचा मापक ५ ने कमी सांगतो, तेवढं धरून चाला.

धानपट्टी

यात भर. जुन्या मातीच्या घराची आतली खोली असेल तर डबा तिथे ठेवा. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवणं म्हणजे भाजणं. आणि वाळलेल्या सिगारला एकदम ओल देऊ नका, फुटते. हळूहळू आठवड्यांमध्ये आणायची. ओल परत येते, उडून गेलेला सुगंध मात्र येत नाही. माझी कपाटातली सिगार अशी परत आणून बघितली. जळण सुधारलं, मोह काही परतला नाही.

आलापल्ली

मला वेगळीच अडचण आहे. डब्यातल्या तीन सिगारांवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं पडलीत आणि तळाशी बारीक भुकटी. बुरशी तर नाही ना? डबा स्वयंपाकघराच्या फडताळात होता, वर्षाच्या मसाल्याशेजारी.

बंदरकाठ

बुरशी नाही, तंबाखूचा भुंगेरा. लालसर तपकिरी, २ ते ३ मिलिमीटरचा. हाच किडा वर्षाच्या हळदीत, मिरचीत, धण्यांत होतो, आणि तो त्या मसाल्यातून आला असेल तर आश्चर्य नको. अंडी पानात आधीपासूनही असू शकतात. साधारण २४ अंशांच्या वर तापमान राहिलं की ती उबायला लागतात, आणि आपल्याकडे तर ४५.

भोकं पडलेल्या काढून जाळून टाका. बाकीच्या दुहेरी पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला काही दिवस ठेवा. मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. सरळ फ्रीझरमधून ओट्यावर काढल्या की रॅपर तडकतं. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. लोडशेडिंगवाल्या गावात एवढं थंड सलग राहत नाही, तेव्हा कोणा आइस्क्रीमवाल्याशी दोस्ती करा.

आलापल्ली

मसालाही बघितला. हळदीत निघाले. घरात माझ्यावरच आरोप आहे की तुझ्या सिगारांमुळे हळद गेली.

वऱ्हाडी_मिरची

आता हळदीचेही मार्क द्या 😂

दाढदुखी

मी दंतवैद्य आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. धाग्याची मजा घालवायची नाही, पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'आत ओढत नाही म्हणून चालतं' हा गैरसमज वर बंदरकाठ यांनी अर्धा मोडलाच आहे, मी उरलेला मोडतो. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असतो, सिगारेटमध्ये १ ग्रॅमहून कमी. सिगारने तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा आणि फुप्फुसाचाही कर्करोग होतो. निकाराग्वाचं पान असो की निपाणीचं, पेशींना किंमत कळत नाही.

दुसरं चवीबद्दलच आहे. आमच्याकडे खर्रा खाणारे इतके आहेत की ओपीडीत तोंड पूर्ण उघडणारा रुग्ण आला की मी खूश होतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून गालात धरला की आतली कातडी आधी पांढरी, मग चामड्यासारखी ताठ होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र ठेल्यावर घोटून मिळतो. अशा तोंडाला जवस आणि कोको काय कळणार? तुमच्या परीक्षक मंडळात कोणी खर्रावाला असेल तर त्याचा कागद बाजूला ठेवा आणि त्याला माझ्यासारख्याकडे पाठवा.

ज्याला चव म्हणता ती बहुतेक वासच असतो, हेही करून बघा. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. नुसतं गोड लागेल. नाक सोडा, मग बडीशेप येईल. तोंडाच्या मागच्या बाजूने वास नाकात चढतो. यासाठी काही पेटवायची गरज नाही एवढंच म्हणतो. सोडायचं असेल त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर फुकट आहे.

धानपट्टी

डॉक्टरसाहेब, एकही शब्द नाकारत नाही. आमच्यात एक खर्रावाला होता आणि त्याच्या कागदावर सगळ्या खान्यांत 'बरी' लिहिलेलं होतं. बडीशेपचा प्रयोग पुढच्या वेळी सुरुवातीलाच करू.

फडीवरची

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. आईने बिड्या वळल्या, आम्ही बहिणी मे महिन्यात पहाटे पान तोडायला जायचो आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचो. धागाकर्त्या भाऊंनी आत्यांना परीक्षक केलं ते आवडलं, पण एक बोलते. सिगारच्या परीक्षणात पान कोणत्या खोऱ्यातलं, कितवं तोडणीचं, किती वर्षं मुरलेलं हे सगळं लिहून येतं. बिडीच्या पानाचं कोणी विचारतं का? खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, वेळेवर झाली नाही तर पान जाड आणि खरबरीत येतं. नवीन फुटव्याचं पान पातळ, चिवट, वळताना तडकत नाही. ते वाळवताना वळवाचा पाऊस पडला की काळे डाग पडतात आणि फडीवर, म्हणजे पान विकत घेतात त्या जागी, पुडा नाकारतात. एवढी पारख आमच्याकडेही आहे, फक्त तिला मार्कांची वही नाही.

कायद्याने मात्र दोघांना एका ओळीत बसवलं होतं. १९६६ चा कायदा होता, त्याचं नावच बिडी आणि सिगार कामगारांचा; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी श्रम संहिता आली. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्यात कामगार धरलं होतं. आईला त्याच आधारावर ओळखपत्र मिळालं होतं.

बंदरकाठ

ताई, यात एक गंमत जोडतो. क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून वाचक बसवायची पद्धत आहे. कामगार वळत बसतात आणि एक जण उंच जागेवरून पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचतो. पूर्वी त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. केरळात कण्णूरकडे बिडी कामगारांतही असाच पेपर वाचणारा असायचा. तुमच्याकडे होतं का असं काही?

फडीवरची

वाचक नव्हता. बायका घरोघरी सुपं मांडीवर घेऊन वळायच्या, एकीच्या पडवीत सगळ्या जमायच्या. रेडिओ असायचा. आणि गावातल्या सुनांची परीक्षणं असायची, शंभरपैकी मार्कांसकट.

सिरोंचाकर

आमच्याकडे गोदावरी ओलांडली की तेलंगणा. इथले म्हातारे अजूनही चुट्टा वळतात. पान तंबाखूचंच, आत तंबाखू, बाहेर तंबाखू, म्हणजे रचनेने ही सिगारचीच गावठी चुलत बहीण म्हणा. गंजीत मुरवणं वगैरे नाही, त्यामुळे धूर घशाला खरवडतो. मी पुण्यात असताना एका मित्राने चांगली डोमिनिकन सिगार दिली, ती गावी आणून आजोबांना दिली. दोन झुरके घेतले, म्हणाले पान चांगलं आहे पण बाईमाणसाचं आहे. आजीने तिथेच त्यांच्या हातातून चुट्टा काढून दोन झुरके मारले आणि परत दिला. आमच्याकडे बायकाही ओढतात.

किनारी आंध्रात श्रीकाकुलमकडे तर जळतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढायची पद्धत आहे. डॉक्टरसाहेब, त्याने टाळूला काय होतं ते तुम्हीच सांगा.

दाढदुखी

टाळूचा कर्करोग. या सवयीवर तिकडे बराच अभ्यास झाला आहे. जिथे इतरांना सहसा होत नाही नेमकं तिथे, कठीण टाळूवर होतो. यापुढे विचारू नका, जेवायला बसलोय.

कपाशी

राखेबद्दल कोणी बोललं नाही. एका व्हिडिओत बघितलं की पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार, आणि राख जितकी लांब टिकेल तितकी चांगली. खरं का?

धानपट्टी

पांढरी राख म्हणजे उत्तम, हे मला पटत नाही. रंग बराचसा जमिनीतल्या खनिजांचा, विशेषतः मॅग्नेशियमचा. करडी राख असलेल्या उत्तम सिगारी असतात. राख टिकते ती आतली पानं अख्खी असल्यामुळे, चुऱ्याची असली तर भुरभुर पडते. म्हणून राख टिकली तर एवढंच समजा की लांब पानं आहेत आणि बांधणी बरी आहे. राखेचा मनोरा करायची स्पर्धा करू नका, ती हमखास धोतरावर पडते. राखेपेक्षा जळती कड बघा. गोल आणि सारखी असेल तर कारागिराला मार्क, मध्ये बोगदा पडून रॅपर मागे राहत असेल तर बहुतेक ओल जास्त झालीय. पावसाळ्यात हे सारखं दिसतं.

आलापल्ली

गोव्याहून कोणीतरी कोहिबा आणून दिल्या, काचेच्या झाकणाच्या पेटीत. चव अगदी पाणचट. ही पण साठवणीची चूक?

बंदरकाठ

नाही, ही खरेदीची. क्यूबाच्या कोहिबा काचेच्या झाकणात येतच नाहीत. ती पेटी पर्यटकांना विकायच्या नकली मालाची खूण म्हणून जगभर ओळखली जाते. अशी सिगार चिमटून बघा, बहुतेक वेळा आत गाठी आणि चुरा सापडतो. धानपट्टींच्या सिगारवरची दुसरी पट्टी बघा, तिच्यावर क्रमांक छापलेला असेल. कंपनीने तो नकलांच्या भीतीनेच सुरू केला.

धानपट्टी

आहे, क्रमांक आहे. पण चाखताना आम्ही दोन्ही पट्ट्या आधीच काढून घेतल्या होत्या. नाव वाचलं की जीभ लगेच कोको शोधायला लागते. फक्त घाईने काढू नका, डिंक रॅपरला चिकटला असेल तर पान फाटतं. थोडी तापली की डिंक सैल होतो, तेव्हा सोलून निघते. पट्टी झाकायची असेल तर तोवर वर कागद गुंडाळा.

कपाशी

शेवटचा प्रश्न. मध्येच विझली तर? परत पेटवली की चव गेली असं मित्र म्हणतो.

धानपट्टी

तशी जात नाही. राख झटका, आणि पेटवायच्या आधी सिगारमधून बाहेरच्या दिशेने एक हलकी फुंकर मारा, म्हणजे आत अडकलेला शिळा धूर निघून जाईल. मग परत खालून शेक देत पेटवा. पाच-दहा मिनिटांत केलं तर फरक जाणवत नाही. रात्री अर्धी ठेवून सकाळी पेटवली तर मात्र तोंडात कोळसा. आणि वारंवार विझत असेल तर झुरके वाढवू नका, डब्यातली पुडी तपासा.